जठरातील जंतू, हृदयाचा ताल आणि एकत्र न वाचलेल्या दोन चिठ्ठ्या

हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून एखादी व्यक्ती वर्षानुवर्षे एक गोळी घेत असते. मध्येच पोटात जळजळ आणि दुखणे सुरू होते, दुर्बिणीने तपासणी होते, जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू सापडतो आणि पोटाचे डॉक्टर चौदा दिवसांचा प्रतिजैविकांचा उपचार लिहून देतात. हृदयाची चिठ्ठी बरोबर असते, पोटाचीही बरोबर असते. चूक एवढीच असते की त्या दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून कोणी वाचलेल्या नसतात. हृदयाच्या तालावरची औषधे आणि पोटाच्या संसर्गावरची प्रतिजैविके शरीरात एकमेकांना नेमकी कुठे गाठतात, हे या लेखात पाहायचे आहे.

आधी ‘पोटाचा संसर्ग’ या शब्दांत दडलेल्या दोन वेगळ्या गोष्टी सुट्या करायला हव्यात, कारण त्यांची घाई सारखी नसते. एक म्हणजे जठराच्या अस्तरात वर्षानुवर्षे मुक्काम ठोकणारा हेलिकोबॅक्टर. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना हा जंतू वेगळा करून वाढवता आला. तो खरोखरच रोग करतो हे दाखवण्यासाठी मार्शल यांनी १९८४ मध्ये त्या जंतूंचे द्रावण स्वतः प्यायले, आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. या जंतूवर आम्ल कमी करणारे एक औषध आणि दोन किंवा अधिक प्रतिजैविके एकत्र दिली जातात. त्यांत क्लॅरिथ्रोमायसिन, अमॉक्सिसिलिन, मेट्रोनिडॅझोल, टेट्रासायक्लिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन ही नावे वारंवार येतात. दुसरी गोष्ट म्हणजे अचानक उद्भवणारे जुलाब, उलट्या, ताप आणि कधी शौचावाटे रक्त. तिथे गरज पडल्यास अ‍ॅझिथ्रोमायसिन किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिन दिले जाते. हेलिकोबॅक्टर बहुतेक वेळा आठवडाभर थांबू शकतो. रक्ताचे जुलाब थांबू शकत नाहीत. पुढचे बरेचसे निर्णय याच फरकावर ठरतात.

हृदयाच्या बाजूलाही दोन गट आहेत. पहिल्या गटातली औषधे ठोक्यांचा ताल प्रत्यक्ष बदलतात: अमिओडॅरोन, सोटालोल, ड्रोनेडॅरोन, डोफेटिलाइड, डायसोपिरामाइड, क्विनिडीन, फ्लेकेनाइड, प्रोपाफेनोन. दुसऱ्या गटातली औषधे ताल तसाच राहू देऊन फक्त गती आवरतात: डिगॉक्सिन, व्हेरापामिल, डिल्टियाझेम आणि बीटा-ब्लॉकर. पहिल्या गटाविषयी एक गोष्ट सर्वसामान्य वाचकाला सहसा सांगितली जात नाही. ताल सुधारणारे औषध ताल बिघडवूही शकते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर येणारे जादा ठोके दाबण्यासाठी एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड देऊन पाहिलेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत १९८९ मध्ये असे आढळले की ठोके तर दबले, पण औषध घेणाऱ्यांमधले मृत्यू वाढले. म्हणजे ही औषधे मुळातच अरुंद कठड्यावरून चालत असतात, आणि म्हणूनच शेजारून कोणी हलका धक्का दिला तरी त्यांच्या बाबतीत तो लक्षात घ्यावा लागतो.

हा धक्का तीन वाटांनी बसू शकतो. पहिली वाट थेट हृदयाच्या पेशीतून जाते. प्रत्येक ठोक्यानंतर पेशीला पुढच्या ठोक्यासाठी विद्युतदृष्ट्या पुन्हा सज्ज व्हावे लागते, आणि त्यासाठी पोटॅशियमचे भारित कण पेशीच्या आवरणातील बारीक मार्गिकांमधून बाहेर पडावे लागतात. या मार्गिकांपैकी एक फार महत्त्वाची मार्गिका ज्या जनुकामुळे तयार होते, त्याला शास्त्रज्ञ हर्ग म्हणतात. (या नावामागे एक गंमत आहे: ईथरची गुंगी दिल्यावर काही फळमाश्यांचे पाय नाचल्यासारखे थरथरत, म्हणून माशीतल्या त्या जनुकाला एका नृत्यप्रकाराचे नाव मिळाले आणि माणसातल्या भावंडालाही तेच चिकटले.) ही मार्गिका चमत्कारिक आहे, तिच्या पोकळीत अनेक निरनिराळ्या रचनांची औषधे जाऊन अडकतात. सोटालोल आणि डोफेटिलाइड ती मुद्दाम अडवतात, कारण तोच त्यांचा उपचार आहे. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन ही प्रतिजैविके मात्र ती अनवधानाने अडवतात.

मार्गिका अडली की पेशीला सज्ज व्हायला वेळ लागतो. ईसीजीच्या पट्टीवर क्यू या खाचेपासून टी या लाटेच्या शेवटापर्यंतचे अंतर म्हणजे हा वेळ, आणि त्याला क्यूटी अंतर म्हणतात. ठोक्यांच्या गतीनुसार दुरुस्ती करून ते पुरुषांमध्ये साधारण ४५० आणि स्त्रियांमध्ये ४६० मिलिसेकंदांपर्यंत सामान्य धरले जाते; ते ५०० च्या पुढे गेले, किंवा औषध सुरू केल्यावर आधीपेक्षा ६० मिलिसेकंदांनी वाढले, तर डॉक्टर सावध होतात. याचे कारण एक विशिष्ट प्रकारची वेगवान अनियमितता आहे, जिच्यात ईसीजीवरच्या लाटा एका अक्षाभोवती पीळ घालत फिरताना दिसतात. फ्रेंच डॉक्टर फ्रान्स्वा देसर्तेन यांनी १९६६ मध्ये तिचे वर्णन केले आणि तिला दिलेले ‘तोर्साद द प्वांत’ हे फ्रेंच नाव जगभर तसेच वापरले जाते. ती काही सेकंदांत आपोआप थांबली तर माणसाला घेरी येते. थांबली नाही तर हृदय रक्त ढकलणे बंद करते.

क्यूटी लांबवण्याच्या बाबतीत सगळी प्रतिजैविके सारखी नाहीत. मॉक्सिफ्लॉक्सॅसिन इतक्या खात्रीने क्यूटी लांबवते की नवी औषधे तपासताना चाचणी नीट चालली आहे ना, हे पडताळण्यासाठी तेच मुद्दाम दिले जाते. त्याची एक मात्रा क्यूटी सुमारे १० मिलिसेकंदांनी वाढवते. लिव्होफ्लॉक्सॅसिन त्याच्या खाली आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणखी खाली येते. मेट्रोनिडॅझोलच्या बाबतीतही अशा तुरळक नोंदी आहेत, विशेषतः सोबत क्यूटी लांबवणारे दुसरे औषध असताना. अमॉक्सिसिलिन या यादीत नाही, ही बाब पुढे कामी येईल.

इथे आकड्यांचे भान ठेवणेही गरजेचे आहे, नाहीतर भीती प्रमाणाबाहेर वाढते. अमेरिकेतील टेनेसी राज्यातील नोंदींवर आधारलेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमॉक्सिसिलिनच्या तुलनेत अ‍ॅझिथ्रोमायसिन घेणाऱ्यांमध्ये दर दहा लाख उपचारांमागे ४७ हृदयविकारी मृत्यू जास्त आढळले. ज्यांना आधीपासूनच हृदयाचा धोका सर्वाधिक होता, त्या दहाव्या हिश्श्यात मात्र हा आकडा २४५ होता. पुढच्याच वर्षी डेन्मार्कमधील तरुण आणि मध्यमवयीन लोकांच्या अभ्यासात अशी वाढ दिसली नाही. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तर अर्थ स्पष्ट होतो: निरोगी माणसासाठी धोका नगण्य आहे, आणि तो साचून राहतो तो नेमका अशाच लोकांमध्ये, ज्यांचे हृदय आधीच आजारी आहे किंवा जे तालाचे औषध घेत आहेत. मार्च २०१३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अ‍ॅझिथ्रोमायसिनबाबत दिलेला इशारा मुख्यत्वे याच लोकांना उद्देशून होता.

दुसरी वाट यकृतातून आणि आतड्याच्या अस्तरातून जाते. तिथे सीवायपी-३ए४ नावाचे एन्झाइम असते, आणि बाजारातल्या औषधांपैकी फार मोठ्या हिश्श्याचे विघटन त्याच्याकडे असते. क्विनिडीन, डायसोपिरामाइड, ड्रोनेडॅरोन, व्हेरापामिल, डिल्टियाझेम आणि बऱ्याच अंशी अमिओडॅरोन यांचा निचरा याच दाराने होतो. क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन हे दार नुसते अडवून उभे राहत नाहीत. त्यांच्यापासून तयार होणारा एक पदार्थ एन्झाइमच्या लोहयुक्त गाभ्याला घट्ट बिलगतो आणि तो रेणू कायमचा निकामी होतो. शरीराला नवे एन्झाइम घडवावे लागते, आणि त्याला काही दिवस लागतात. त्यामुळे प्रतिजैविकाची शेवटची गोळी संपली म्हणजे आंतरक्रियाही संपली, असे होत नाही.

निचरा अडला की हृदयाच्या औषधाची रक्तातील पातळी वाढत जाते. रोजची गोळी तीच असते, पण शरीराच्या दृष्टीने मात्रा वाढलेली असते. डायसोपिरामाइडच्या बाबतीत क्यूटी लांबण्याबरोबरच रक्तातील साखर धोकादायक रीतीने खाली गेल्याच्या नोंदी आहेत. ड्रोनेडॅरोनबरोबर क्लॅरिथ्रोमायसिन देणे सरळ निषिद्ध मानले जाते. व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम वाढले तर रक्तदाब कोसळतो आणि ठोके फार मंदावतात. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातील वयस्कर लोकांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या औषधांच्या व्यापक कुटुंबातील गोळ्या घेणाऱ्यांना रक्तदाब घसरल्यामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याशी एरिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन या दोन्हींचा ठळक संबंध आढळला. त्यांचेच चुलतभावंड असलेल्या अ‍ॅझिथ्रोमायसिनचा आढळला नाही, कारण ते या एन्झाइमला जवळजवळ हात लावत नाही. नावांची शेपटे सारखी असली तरी औषधांचे वागणे सारखे नसते, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

आता पहिली आणि दुसरी वाट एकत्र आली तर काय होते, हे लक्षात घ्यावे. क्लॅरिथ्रोमायसिन स्वतः क्यूटी लांबवते आणि क्यूटी लांबवणाऱ्या दुसऱ्या औषधाची पातळीही वाढवते. म्हणजे एकाच ठिकाणी दोनदा भार पडतो. याचा सर्वांत बोलका दाखला पोटाच्याच एका औषधाने दिला. जठराची हालचाल वाढवणारे सिसाप्राइड याच एन्झाइममार्फत विघटित होत असे आणि हर्ग मार्गिका अडवत असे. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन यांसारख्या औषधांबरोबर घेतल्यावर जीवघेण्या अनियमितता उद्भवू लागल्या, आणि अखेर २००० मध्ये अमेरिकेत त्याची सर्वसाधारण विक्री बंद करावी लागली. एरिथ्रोमायसिनविषयी २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच दिसले: ते एकटे घेतल्यावर आकस्मिक हृदयमृत्यूचे प्रमाण सुमारे दुप्पट होते, आणि व्हेरापामिल, डिल्टियाझेम यांसारख्या त्या एन्झाइमला अडवणाऱ्या औषधांबरोबर घेतल्यावर ते पाचपट झाले.

तिसरी वाट जवळजवळ एकट्या डिगॉक्सिनची आहे, आणि माझ्या मते ती सर्वांत जास्त समजून घेण्यासारखी आहे. डिजिटॅलिस म्हणजे फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीचा उपयोग विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये तपशीलवार नोंदवला. त्याच कुळातले डिगॉक्सिन आजही वापरात आहे. त्याचा उपयुक्त आणि घातक मात्रेतला फरक फारच थोडा असतो. हृदय दुर्बल झालेल्या रुग्णात रक्तातील पातळी दर मिलिलिटरमागे साधारण ०.५ ते ०.९ नॅनोग्रॅम ठेवण्याचा प्रयत्न असतो, आणि ती २ च्या पुढे गेली की विषबाधेची शक्यता बरीच वाढते. डिगॉक्सिनचे यकृतात फारसे विघटन होत नाही. पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा एक पंप ते आतड्यातून परत बाहेर आणि मूत्रपिंडातून लघवीत ढकलत असतो. क्लॅरिथ्रोमायसिन हा पंप अडवते. आत जास्त येते, बाहेर कमी जाते.

याशिवाय डिगॉक्सिनची एक आगळी बाजू आहे. सुमारे दहा टक्के लोकांच्या आतड्यात एगर्थेला लेंटा नावाचा जंतू डिगॉक्सिनचा मोठा हिस्सा रक्तात पोहोचण्याआधीच निष्प्रभ करून टाकतो. अशा माणसाला योग्य परिणामासाठी जास्त मात्रा लागते, आणि डॉक्टर ती देतातही, कारण त्यामागचे कोडे उलगडले नाही तरी परिणाम दिसत असतो. मग पोटासाठी एरिथ्रोमायसिन किंवा टेट्रासायक्लिन येते, तो जंतू मरतो, आणि आजवर वाया जात असलेले औषध अचानक रक्तात पोहोचू लागते; १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा काही जणांची पातळी दुपटीपर्यंत वाढलेली आढळली होती. म्हणजे इथे प्रतिजैविकाने हृदयाच्या औषधाला स्पर्शही केलेला नसतो. दोघांच्या मधला जंतू तेवढा गेलेला असतो.

हा धोका केवळ पुस्तकी नाही. ऑन्टारिओतील ६६ वर्षे आणि त्यापुढील वयाच्या लोकांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात डिगॉक्सिनच्या विषबाधेमुळे रुग्णालयात दाखल झालेल्यांनी आदल्या आठवड्यात क्लॅरिथ्रोमायसिन घेतलेले असण्याची शक्यता, डिगॉक्सिन घेणाऱ्या पण विषबाधा न झालेल्यांच्या तुलनेत, सुमारे १२ पट निघाली. त्यातच एक सापळा आहे. डिगॉक्सिन वाढल्याची पहिली लक्षणे म्हणजे मळमळ, अन्नावरची वासना उडणे, उलट्या, थकवा. कधी वस्तू पिवळसर दिसणे. पण हीच माणसे पोटाच्या तक्रारीसाठी उपचार घेत असतात, आणि क्लॅरिथ्रोमायसिन व मेट्रोनिडॅझोल यांनी तोंड कडू होणे व मळमळणे हेही नेहमीचेच. त्यामुळे रुग्ण, घरचे आणि कधीकधी डॉक्टरही म्हणतात, गोळ्या जरा जड पडल्या, कोर्स पूर्ण होईपर्यंत सोसावे. उलटी झाली की पोटॅशियम घसरते, आणि पोटॅशियम घसरले की डिगॉक्सिनचा विषारी परिणाम आणखी तीव्र होतो. डिगॉक्सिन घेणाऱ्या माणसाला प्रतिजैविकाच्या दुसऱ्या-चौथ्या दिवशी नवी मळमळ सुरू झाली, तर ती प्रतिजैविकाचीच आहे असे गृहीत न धरता रक्त तपासून घ्यावे, हा या लेखातील सर्वांत व्यवहारोपयोगी सल्ला असेल.

जुलाब-उलट्यांचा उल्लेख आला, तर आजाराचा स्वतःचा वाटाही मोजायला हवा, कारण तो बहुतेक याद्यांमध्ये नसतोच. जुलाबांतून पोटॅशियम आणि मॅग्नेशियम वाहून जाते. वर सांगितलेली हर्ग मार्गिका रक्तात पोटॅशियम कमी असताना अधिकच मंदावते. त्यामुळे एरवी निभावणारे सोटालोल जुलाबाच्या तिसऱ्या दिवशी धोकादायक ठरू शकते. शिवाय शरीरातले पाणी घटले की मूत्रपिंडाचे काम मंदावते, आणि सोटालोल, डोफेटिलाइड, डिगॉक्सिन ही तिन्ही औषधे मुख्यतः मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतात. लघवी वाढवणारी गोळीही चालू असेल तर भर आणखी पडते. आम्ल कमी करणारी ओमेप्राझोलच्या कुटुंबातील औषधे चौदा दिवसांसाठी सहसा निरुपद्रवी असतात, परंतु वर्षभर किंवा त्याहून अधिक घेतली असतील तर काहींच्या रक्तातील मॅग्नेशियम उतरलेले असते.

उलटी थांबवायला दिलेली गोळीही या हिशेबात धरावी लागते. ऑन्डॅन्सेट्रॉन क्यूटी लांबवते. डॉम्पेरिडोनही लांबवते, आणि त्याचे विघटन त्याच सीवायपी-३ए४ मार्फत होते. म्हणूनच युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१४ मध्ये त्याची मात्रा दिवसातून तीनदा १० मिलिग्रॅमपर्यंत आणि वापर साधारण आठवड्यापुरता मर्यादित केला आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या औषधांबरोबर ते देऊ नये असे सांगितले. सोटालोल, लिव्होफ्लॉक्सॅसिन आणि ऑन्डॅन्सेट्रॉन ही तिन्ही एकाच दिवशी सुरू असलेली चिठ्ठी अशक्य कोटीतली नाही. प्रत्येक औषध आपापल्या जागी समर्थनीय असते आणि तिघे मिळून मात्र एकाच मार्गिकेवर बसलेले असतात.

रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांचा मुद्दा खरे तर तालाचा नाही, पण एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अनियमित ताल) असलेल्यांच्या डबीत ती बहुधा असतातच, म्हणून थोडक्यात. मेट्रोनिडॅझोल वॉर्फरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाच्या प्रभावी अंशाचे विघटन अडवते, आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा) थोड्याच दिवसांत उद्दिष्टाच्या वर जाऊ शकतो. सोबत अमिओडॅरोन असेल तर तेही त्याच बाजूला ओढते. डॅबिगॅट्रान, अपिक्सॅबॅन, रिव्हारोक्सॅबॅन यांची पातळी क्लॅरिथ्रोमायसिनमुळे वाढते. ज्याला जठरात व्रण आहे, त्याच्या बाबतीत रक्तस्राव कुठून होईल हे वेगळे सांगायला नको.

हे सगळे वाचून मनात येणारा पहिला उपाय म्हणजे, मग दोन आठवडे हृदयाची गोळी बंद ठेवू. बहुतेक वेळा हा चुकीचा उपाय असतो. अमिओडॅरोन शरीरातील चरबी, यकृत, फुप्फुसे यांत साठून राहते आणि त्याची पातळी निम्म्यावर यायला सरासरी सुमारे दोन महिने, काही जणांत १०० दिवसांहून जास्त लागतात. ते दोन आठवडे थांबवून काही साधत नाही, आणि तीन महिन्यांपूर्वी थांबवलेले असले तरी ते ‘आता चालू नाही’ असे म्हणता येत नाही. (न्यायाने सांगायचे तर अमिओडॅरोन क्यूटी बरेच लांबवते, पण ते एकटे असताना तोर्साद क्वचितच होते, शंभरात एकाहूनही कमी जणांना. दुसरे औषध जोडले की ही सवलत गृहीत धरता येत नाही.) उलट सोटालोल किंवा बीटा-ब्लॉकर एकाएकी सोडले तर ठोके उसळून येतात. बदलायचे असेल तर ते बहुधा प्रतिजैविक बदलावे, कारण तिथे पर्याय असतात. हृदयाच्या औषधाला बरेचदा नसतात.

आणि सुदैवाने हेलिकोबॅक्टरच्या बाबतीत पर्याय चांगले आहेत. क्लॅरिथ्रोमायसिनला दाद न देणारे जंतू जगात अनेक ठिकाणी इतके वाढले आहेत की जंतूची संवेदनशीलता माहीत नसताना क्लॅरिथ्रोमायसिनवर आधारलेला तिहेरी उपचार पहिला निवडू नये, असे अलीकडची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. त्याऐवजी आम्लरोधक, बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडॅझोल असा चौदा दिवसांचा चौपदरी उपचार सुचवला जातो. हृदयाला ज्या औषधाचा सर्वांत जास्त त्रास, तेच पोटातही उतरणीला लागलेले आहे. मग हृदयरोग्यासाठी त्याचा आग्रह धरण्याचे कारण उरत नाही. शिवाय डेन्मार्कमधील एका चाचणीत, स्थिर हृदयविकार असलेल्यांना क्लॅरिथ्रोमायसिन दोन आठवडे दिल्यानंतर दीर्घ काळात मृत्यूंचे प्रमाण जास्त आढळले. कारण उलगडलेले नसले, तरी त्याच्या आधारे अमेरिकेच्या नियामकाने २०१८ मध्ये हृदयरोग्यांबाबत सावधगिरीचा इशारा दिला आहे.

चौपदरी उपचारही फुकट मिळत नाही. त्यातल्या मेट्रोनिडॅझोलमुळे वॉर्फरिन घेणाऱ्याचा आयएनआर लवकर तपासावा लागतो, टेट्रासायक्लिनमुळे काही मोजक्या लोकांत डिगॉक्सिन वाढू शकते, आणि बिस्मथ सॅलिसिलेटच्या रूपात असेल तर रक्तस्रावाचा विचार करावा लागतो. परंतु हे धोके मोजता येणारे आहेत. रक्ताच्या एका तपासणीत ते दिसतात. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी नसेल तर अमॉक्सिसिलिनचा आधार असलेले उपचारही आहेत. एका पर्यायाबाबत मात्र उलट्या दिशेने सावध राहावे लागते. रिफाब्युटिन, आणि त्याहून जास्त रिफॅम्पिसिन, यकृतातील एन्झाइम वाढवतात. मग प्रोपाफेनोन, व्हेरापामिल, डायसोपिरामाइड यांची पातळी खाली येते, आटोक्यात असलेला ताल पुन्हा बिघडतो आणि औषध बंद केल्यावरही हा परिणाम ओसरायला आठवडे लागतात.

अचानकच्या जुलाबांत प्रश्न आधी वेगळाच असतो: प्रतिजैविक हवे तरी का? पाण्यासारख्या बहुतेक जुलाबांना ते लागत नाही, क्षार-साखरेचे पाणी लागते, आणि हृदयरोग्यासाठी तर तेच पोटॅशियम टिकवून ठेवते. प्रवासातल्या साध्या जुलाबांवर रिफॅक्सिमिन हा पर्याय आहे, कारण ते आतड्यातून जवळजवळ शोषलेच जात नाही. ताप किंवा रक्त असेल तर मात्र ते पुरेसे नसते. प्रतिजैविकांनंतर उद्भवणाऱ्या क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जंतूच्या जुलाबांवर तोंडाने दिलेले व्हॅन्कोमायसिन आणि फिडॅक्सोमिसिन हीसुद्धा आतड्यातून जवळजवळ शोषली जात नाहीत. रक्ताचे जुलाब आणि तीव्र ताप असताना अ‍ॅझिथ्रोमायसिन किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिन द्यावेच लागेल, आणि ते टाळणे हा उपचारापेक्षा मोठा धोका असू शकतो. तेव्हा आधी ईसीजी, पोटॅशियम व मॅग्नेशियमची भरपाई आणि मधे पुन्हा ईसीजी अशा बंदोबस्तात ते दिले जाते. डोफेटिलाइड घेणाऱ्याला ट्रायमेथोप्रिम असलेले मिश्रण मात्र कोणत्याही कारणासाठी देऊ नये. ते मूत्रपिंडातील निचराच अडवते.

रुग्णाच्या हातात जे आहे ते थोडके पण महत्त्वाचे आहे. डॉक्टरांना दाखवायच्या यादीत आज चालू असलेली औषधेच नव्हे, तर गेल्या सहा महिन्यांत बंद केलेली, विशेषतः अमिओडॅरोन, आणि स्वतःहून घेतलेल्या उलटीच्या व आम्लाच्या गोळ्याही असाव्यात. औषधविक्रेत्याला ‘मी हृदयाच्या तालाचे औषध घेतो’ हे एक वाक्य सांगावे. तो बरेचदा चिठ्ठीपेक्षा जास्त पाहू शकतो. जवळच्या नात्यात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असेल किंवा स्वतःला पूर्वी कारणाविना घेरी आली असेल, तर तेही सांगावे, कारण जन्मजात लांब क्यूटी अशाच इतिहासातून उघड होते. उपचार चालू असताना घेरी, अचानक छातीत फडफड, ठोके फार मंद पडणे किंवा डांबरासारखे काळे शौच यांपैकी काहीही झाले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

शेवटी उपचार संपल्यानंतरच्या आठवड्याविषयी. क्लॅरिथ्रोमायसिनमुळे डिगॉक्सिन किंवा व्हेरापामिलची मात्रा कमी केलेली असेल, तर एन्झाइम आणि पंप पूर्ववत होताच तीच कमी मात्रा अपुरी पडू लागते. मेट्रोनिडॅझोलमुळे वॉर्फरिन कमी केलेले असेल, तर आयएनआर आता विरुद्ध दिशेने घसरतो आणि गुठळीचा धोका वाढतो. म्हणून शेवटच्या गोळीनंतर साधारण पाच ते दहा दिवसांनी पुन्हा एकदा तपासणीची वेळ आधीच ठरवून घ्यावी, आणि कमी केलेल्या मात्रेशेजारी ती कधी परत वाढवायची ही तारीखही चिठ्ठीवर लिहून मागावी.